अकरा गुंठे माळ आणि त्यावरचा तेरडा

सगळ्यात आधी आली ती शेजारची बनूबाई. नऊला बोलावलं होतं, साडेसातलाच नारळीभाताचा डबा घेऊन दारात. साक्षीदाराने इतक्या लवकर यायचं नसतं, पण तिला वाटलं असणार, मी तिच्या पाठीमागे काहीतरी लिहून टाकीन. "काय गो मोती, कुनाला काय देतेस ता आधी सांग, मंग सही करतंय," असं बोलून पाटावर बसली. तिचा नवरा दौलतराव दुसरा साक्षीदार. तो अर्ध्या वाटेतून चष्म्यासाठी परत गेला. तो येईपर्यंत सुरुवात करते.

मी, मोतीबाई जयदेव गायकर, वय शहात्तर, काम शेती आणि घर, राहणार बदलापूरच्या बाहेर बारवी धरणाच्या रस्त्याला, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्यात, त्यांचा डोक्याशी संबंध नाही, डॉक्टरला विचारावं. माझ्यावर कोणाचा दाब नाही. उलट लिहू नको म्हणूनच सगळे मागे लागलेत. उल्हासनगरचे वकील म्हणाले, "आजी, एक पान बस. मालमत्ता लिखो, कहानी मत लिखो." पण माझी अर्धी मालमत्ता कहाणीत अडकलेली आहे, त्याला मी काय करू?

कलम पहिले. राहतं घर माझ्या दोन मुलांना, भूपेश आणि कल्पेश यांना, निम्मं निम्मं. मधली भिंत तुमच्या बापाने बांधली आणि तिरकी बांधली. ती तिरकीच वाटून घ्यावी, मोजायला माणूस आणू नये.

कलम दुसरे. माझे यजमान कै. जयदेव अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर होते. त्यांची हत्यारांची पेटी कल्पेशला, कारण तो एमआयडीसीत कामाला आहे. पेटीतला मोठा पाना एकोणीस वर्षं दौलतरावाकडे आहे. तो आत्ताच चष्मा घेऊन आलाय, समोर बसलाय, आणि छताकडे बघतोय.

कलम तिसरे. घरामागे ओढ्याच्या वर अकरा गुंठे माळ आहे. तो सासूबाईंनी माझ्या नावावर केला, कारण तिथे काही पिकत नाही. याच माळापायी मी वैतागले आहे, म्हणून हे कलम लांबेल. चहा घ्यावा.

तीन वर्षांपूर्वी संजीवनी मॅडम आल्या, सोबत चार विद्यार्थी. कॉलेजात रानफुलांचा अभ्यास करतात. दिवसभर तेरड्याची झाडं मोजत बसल्या. मी चहा नेला तर म्हणाल्या, "आजी, तुमच्या माळावर तेरडा दोन तऱ्हेचा आहे." मी म्हटलं, "हे सांगायला एवढ्या लांबून आलात?" आम्ही भातासारखं त्यांना हळवा आणि गरवा म्हणतो. हळवा बुटका, फिका, नारळी पौर्णिमेला फुलतो आणि गणपतीपर्यंत बोंडं फोडून मोकळा. गरवा उंच, गडद, तो पितृपक्षात फुलायला लागतो. मधला निमगरवा आमच्याकडे जवळजवळ नाहीच. माझं लग्न झालं तेव्हा गौरीला भारेच्या भारे निघायचे, पुढे पुढे एकेक झाड शोधावं लागायचं. मला वाटायचं, माळ रुसला.

मॅडमनी पानांचे तुकडे इवल्या नळ्यांत घालून नेले. पुढच्या वर्षी येऊन सांगितलं की कधी फुलायचं हे ठरवणारी डीएनएतली खूण दोघांत वेगळी झाली आहे, बाकी बरंचसं सारखं. एका वेळी फुलत नाहीत, म्हणून एकाचा पराग दुसऱ्याला लागत नाही. त्यांनी हळव्याचा पराग फ्रिजमध्ये जपून गरव्याला हाताने लावून पाहिला, तर दहा बोंडांत सातांचं बी पोचट. "अजून दोन जाती झाल्या नाहीत, आजी. पण वाटेला लागल्यात," म्हणाल्या. मला समजलं. एका आईची लेकरं, आता आपसात सोयरीकही जमेना. पण कशाने फाटलं ते त्यांनाही उमगेना. इतर माळांवर तर तेरडा भादवाभर फुलतो.

तेवढ्यात भूपेशच्या अंगात आलं. फुलं बघायला शहाणी माणसं येतात म्हटल्यावर त्याने माळाला काटेरी तार ठोकली, फाटकाला कुलूप घातलं आणि बोर्ड लावला, 'फुले तोडू नयेत.' मी गौरीचा तेरडा आणायला गेले तर मलाच दाखवतो तो बोर्ड. त्याची बायको नूतन खूश. वीस वर्षं माझ्याबरोबर ती तेरडा उपटायला यायची, आणि चिखल, गोमा, कंबर यांचा जप करत यायची. म्हणाली, "आई, उल्हासनगरात तयार मुखवटे मिळतात की." तर दोन भादवे गौर बाजारातून आली.

पहिल्या वर्षी मधल्या दिवसांत चार-सहा झाडं फुलली, कोणी लक्ष दिलं नाही. गेल्या वर्षी मॅडमनी मोजली तर चाळीसच्या वर. उंची मधली, रंग मधला.

"आजी, यंदा काय वेगळं केलंत?"

"काही नाही. भूप्याने कुलूप घातलं, म्हणून आम्ही उपटला नाही."

"आधी उपटायचात? किती?"

"सापडेल तितका, मुळासकट. माझी सासू, तिची सासू, मी. बाजारात जुड्या विकायचो. तिथी मागेपुढे होते, म्हणून मधले वीस दिवस जो फुललेला दिसेल तो आमचा. हळव्याचं बी तोवर सांडलेलं असतं. गरव्याला फूल नसतं, मग त्याला कोण हात लावतंय?"

मॅडम तिथेच दगडावर बसल्या, आणि बोलता बोलता मलाही उजेड पडला. मधल्याचं बी आम्ही धरूच दिलं नाही, म्हणून दोन टोकं उरली आणि एकमेकांना परकी होत गेली. चौथी शिकलेल्या आणि न शिकलेल्या बायांनी, देवीच्या नावाने, फुलाची फारकत केली. मी दोन दिवस हसत होते. नूतनला वाटलं, एक स्प्रिंग डोक्यात गेली.

पण उपटणं थांबलं तर मधला तेरडा दोन्हीकडे सोयरीक जोडणार आणि पुन्हा सगळं एक होणार. इतक्या पिढ्यांच्या कंबरा फुकट. ते मला नको आहे. दोन झालेलं बघायला मी उरणार नाही, पण वाट मोडलेली मला खपणार नाही. म्हणून माळ कोणाला, हा प्रश्न.

कल्पेशला देत नाही. तो म्हणतो, "आई, मुरूम भर, प्लॉटिंग कर, खतम." भूपेशला देत नाही, कारण तो कुलूप घालतो. राहिली नात, जिज्ञासा, भूपेशची मुलगी. माझा जीव आहे तिच्यावर. बीएस्सी करते, गवताच्या काडीलाही नावाने हाक मारते. गळ्यात पडून म्हणाली, "आजी, माळ मला दे. मी एकही झाड उपटू देणार नाही." पोरी, जपून जपून तूच ते बुडवशील. तुला माझ्या सोन्याच्या पाटल्या, आणि कोणतं झाड कोणत्या दिवशी फुललं ते वहीत मांडायचं काम. रुसू नकोस.

माळ माझी सून नूतन भूपेश गायकर हिला. तिचं माझं कधी पटलं नाही. चहात साखर कमी घालते आणि दार आपटते. पण तिचा हात जड आहे आणि तिला फुलाची दया येत नाही. मेथी उपटावी तसा तेरडा उपटते. मला तोच हात हवा आहे.

अटी: तार काढावी. मधोमध दोरी बांधावी. ओढ्याकडच्या अर्ध्यात गणपतीच्या आधी आठ दिवसांपासून गौर जाईपर्यंत फुललेला प्रत्येक तेरडा मुळासकट काढावा. बी सांडून वाळलेल्याला आणि कळी न धरलेल्याला हात लावू नये. वरच्या अर्ध्यात काहीच करू नये, मॅडमना ताडून बघायचं आहे. मुरूम कोणीही टाकू नये. लागोपाठ दोन वर्षं नूतन गेली नाही तर माळ गावच्या महिला मंडळाला, याच अटींवर. वकील म्हणतात अशा अटी टिकवणं कठीण. मग टिकवा, त्यासाठीच तुम्ही शिकलात.

मी लिहिताना मोठ्याने वाचते, त्यामुळे नूतनने आतून ऐकलं. कपबशी हातात घेऊनच बाहेर आली.

"आई, मला नको तुमचा माळ. कंबर माझी मोडते."

"माझी मोडली तेव्हा तू कुठे रडलीस?"

बनूबाई खोकल्याचं निमित्त करून हसली. नूतन आत गेली. भांडी जोरात आदळली. मी पुढचं कलम लिहायला घेतलं तेवढ्यात आतूनच आवाज आला, "दोरी त्या जांभळीपासून धरायची का खालच्या दगडापासून?"

खालच्या दगडापासून. तेही इथे नोंदवते.

कलम चौथे उरलं नाही. वरचं सगळं मी स्वतः लिहून, वाचून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. त्यांना यातलं काही मिळत नाही, हे बनूबाईने दोनदा विचारून घेतलं.

सही: मोतीबाई जयदेव गायकर
साक्षीदार: १. बनूबाई दौलतराव देसले, २. दौलतराव देसले
ठिकाण: बदलापूर. तारीख: १० ऑगस्ट २०२५, रविवार.

संजीवनी मॅडम आणि विद्यार्थी मोजणीला रविवारी, ३१ तारखेला, गौर येते त्या दिवशी सकाळी येतो म्हणालेत.