आंबेटेपच्या पाणचाकाची व्यवस्था

मी, इब्राहीम हुसेन मुलाणी, वय एकाहत्तर, धंदा इंजिनदुरुस्ती आणि वेल्डिंग, मुक्काम विंझर, तालुका वेल्हे, माझ्या माघारी काय करायचं ते आज लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही, कारण चाळीस वर्षं डिझेलचा धूर खाल्ला आहे. हा कागद लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. जे आठ वर्षं बोलून झालं नाही, ते मेल्यावर तरी व्हावं म्हणून लिहितो आहे.

कलम एक, घर. रस्त्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि मागचं परसू मुलगा सरफराज आणि भोरला दिलेली मुलगी हुमा यांना शरियतप्रमाणे जाईल. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक. हुमाने "मला काही नको" असं म्हणू नये. माझी बहीण असंच म्हणाली होती, आणि तिला खरंच काही मिळालं नाही. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची मला अजून लाज वाटते.

कलम दोन, हत्यारं. वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर आणि पान्यांची पेटी सरफराजला. तो नसरापूरला मोबाईलच्या दुकानात बसतो, त्याचे हात काळे होत नाहीत, तेव्हा तो पेटी विकणार. विकू दे, पण भंगारवाल्याला नको. पेटीत एकोणीसचा पाना सापडणार नाही. तो गिरणीवाल्या सावळारामने अठ्ठ्याण्णव साली "उद्या देतो" म्हणून नेला. तो मी त्याला या कागदाने देऊन टाकतो, म्हणजे माझ्या मयताला यायला त्याला संकोच वाटणार नाही.

कलम तीन, पाणचाक. इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण जीव इथेच अडकला आहे.

विंझरपासून अर्ध्या तासाच्या चढावर आंबेटेप ही तेवीस उंबऱ्यांची वाडी आहे. शहाण्णव साली वाडीने सहकारी संस्था काढली. ओढ्याच्या पाण्यावर वीज करायची, तिच्यावरच गिरणी चालवायची आणि रॉकेल-डिझेलला रामराम ठोकायचा, असं ठरलं. डिझेल इंजिनांवर पोट भरलेल्या माणसाकडेच ते चाक बनवायला आले. मी बनवलं, माझं लोखंड घालून. धूर नाही, फटफट नाही, नुसतं पाणी पडतंय आणि बल्ब लागतोय, हे बघून मी खुळा झालो होतो.

मग आमच्या लोकांचे गुण दिसू लागले. सावळारामची विंझरला डिझेलची गिरणी होती. त्याने उठवून दिलं की पाण्यावरच्या गिरणीचं पीठ गार असतं, त्याची नाचणीची भाकरी फुगत नाही. महिनाभर बायका दळणं डोक्यावर घेऊन विंझरला उतरत होत्या. डिझेल परवडेना तेव्हा याच सावळारामने आपली गिरणी गुपचूप वाडीवर हलवून तिचा पट्टा आमच्या चाकाला जोडून घेतला, आणि भाकऱ्या फुगू लागल्या. दोन हजार साली वीज मंडळाची लाईन आली, तेव्हा सगळ्यांनी संस्थेच्या तारा ओढून कपडे वाळत घालायला नेल्या. आता भारनियमन सुरू झालं, तर त्याच तारा घेऊन रांगेत उभे.

हे चाक सरफराज चालवतो, असं संस्थेच्या वहीत आहे. सरफराज तीन आठवडे गेला, मग त्याला शेवाळाचा वास सोसेना. त्याच्या जागी त्याची बायको अम्रीन सहा वर्षं जाते आहे. पाट साफ करणं, जाळीतला पाला काढणं, बल्बचा उजेड बघून पाणी कमी-जास्त करणं, सगळं तीच करते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात दरड पाटात आली तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दगड काढत होती. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे. त्या पंधरा ऑगस्टला संस्थेने चालकाचा सत्कार केला. शाल-नारळ सरफराजला दिला. आणि त्याने तो घेतला.

अध्यक्ष आनंदरावांना मी विचारलं, "काम तिचं आणि नाव त्याचं, हा कुठला न्याय?"

ते म्हणाले, "इब्राहीमभाई, बाईमाणसाचं नाव वहीत घातलं तर लोक काय म्हंतील? काम करतीया न्हवं, करू द्या की. पुढच्या सभंत बघू."

त्यांची सभा म्हणजे काय, तेही लिहितो. आधी दुखवटा, मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. ते वाचता वाचता मागचं भांडण पुन्हा लागतं आणि सभा तहकूब होते. आठ वर्षांत सभा विषय क्रमांक चारपर्यंत पोचलेली नाही. "पाणचाक संस्थेच्या मालकीचे करून घेणे" हा विषय क्रमांक चार आहे. म्हणजे चाक आजही माझंच आहे, हे त्या शहाण्यांच्या लक्षात आलेलं नाही.

भोरच्या वकिलांनी सांगितलं की सून वारस धरत नाहीत, म्हणूनच तिला एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्राने देता येतं. चाक त्यात बसतं. म्हणून चाक, त्याचा डायनामो आणि शेडची किल्ली मी अम्रीनला देतो. वहीत चालक म्हणून तिचं स्वतःचं नाव शाईने लिहिलं, तर संस्थेने चाक वापरावं. नाही लिहिलं, तर तिने चार बोल्ट काढून चाक घरी आणावं.

आणि बेटा अम्रीन, तुला कंटाळा आला असेल तर चाक विकून टाक. मी तुला ओढ्याला बांधून जात नाही. मी एवढी वर्षं तुझ्यासाठी भांडलो, पण तुला हे काम हवं आहे का, ते कधी विचारलं नाही. तो माझा दोष.

ठिकाण: विंझर. दिनांक ८ ऑगस्ट २००४.
(सही) इब्राहीम हुसेन मुलाणी

साक्षीदार १: आनंदराव, अध्यक्ष, आंबेटेप. मजकूर वाचून सही केली. चालकाच्या नावाचा विषय पुढील सभेत घेण्यात येईल.

साक्षीदार २: धोंडाबाई, सभासद, आंबेटेप, डाव्या हाताचा अंगठा. कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देईनात. ऐकून म्हणाल्या, "बल्ब कोन लावतं ते आख्ख्या वाडीला ठावं हाय. वहीलाच तेवढं ठावं न्हाई." त्यांच्या सांगण्यावरून हे लिहिलं.

ता. क. आनंदरावांनी वर काय लिहिलं ते मी आत्ता वाचलं. यांच्या पुढच्या सभेपर्यंत मी जगणार नाही, आणि मेलो तरी ते दुखवट्यापाशीच थांबतील. म्हणून कलम तीन मी मरणापर्यंत ठेवत नाही. चाक आजच, दोन्ही साक्षीदारांसमोर, अम्रीनला बक्षीस दिलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. काम हवं आहे का, तेही विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, तुमी आधी पोच घ्या. मला जाळी साफ करायला जायचंय."

किल्ली आणि पाणचाक मिळाले.
(सही) अम्रीन सरफराज मुलाणी, चालक