नाव घेणारा आवाज

बाबा, त्या रविवारी सकाळी तुम्ही मोरीत बसून बांगडे साफ करत होता आणि मी तांदूळ निवडत होते. आई पाणी भरून आली तरी तुमची गोष्ट संपली नव्हती. आदल्या दिवशी बघून आलेला इंग्रजी सिनेमा तुम्ही सांगत होता. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. जे दिसलं त्यावरून जुळवायचात. भिंतीवरच्या काचेत लेकीचा चेहरा बघून बाप तिच्याशी बोलतो. माणूस आला की दार आपसूक सरकतं. आणि एका बाईचा नवरा मरतो, तर यंत्र त्याच्या आवाजात तिच्याशी बोलतं. आई म्हणाली, "काय मेलो तो सिनेमा. आणि ती बोलता त्येच्याशी?" तुमची सुरी थांबली. "बोलता तर. पण मेल्या माणसाचो आवाज घरात रवलो, तर बायेन रडूचा कधी?"

आता घाटकोपरच्या मॉलचं दार सरकतं. परदेशातला नातू फोनवर तोंड दाखवतो आणि तोंडातला घाससुद्धा. लायब्ररीतून पुस्तकं आणून मी अशा सिनेमांबद्दल बरंच वाचलं. लोक म्हणतात, ते सिनेमे काढणाऱ्यांना पुढचं दिसलं होतं. मला वाटतं, माणसाला काय हवंसं वाटतं तेवढंच त्यांना कळलं होतं.

हे गेले त्याला वर्ष व्हायचंय. मी अजून रडलेले नाही. सगळे म्हणतात धीराची आहे. धीर कसला, रडले की ते खरंच गेले असं होईल, याची भीती. परवा लेकीनं त्यांचे फोनवर राहिलेले निरोप एका ॲपला ऐकवले, माझं नाव लिहून दिलं आणि फोन ओट्यावर ठेवला. "आई, घाबरू नकोस हं. सेम पप्पा वाटतात." फोननं माझं नाव घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

आवाज त्यांचाच, सर्दी झाल्यासारखा. पण बाबा, यांनी उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाही. 'अगं' म्हणायचे, पाहुण्यांसमोर 'ऐकलंस का'. मीही 'अहो'च म्हणत आले. नावानं हाक मारणारे तुम्हीच उरला होता. तुमच्यामागे ते नाव रेशनकार्डावर राहिलं. म्हणून हाक आली तेव्हा मी फोनकडे नाही, दाराकडे बघितलं. तुम्ही आलात असं वाटलं.

लेकीला माझा चेहरा बघून कळलं. "पप्पा नाव घ्यायचेच नाहीत ना तुझं. माझ्या डोक्यातच नाही आलं गं. बंद करू?"

"भाजी लागेल," मी म्हटलं आणि परतत राहिले.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून पुढचंही सांगते. मी केलं ते तुम्हाला आवडलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, नाव काढून टाक. नुसतं 'अगं' ठेव.