दोन राजे

रविवार, ४ फेब्रुवारी २००७
आज परत पोकर. प्रज्ञेश हापिसातल्या पोरांकडून शिकला आणि मला शिकवून बसला — दुसरं गिऱ्हाईक कुठलं मिळायला! दोन पानं हातात, पाच मध्ये उघडी, पैशाच्या जागी चिंचोके. समोरच्याची पानं दिसत नाहीत, तोंड दिसतं. त्यावरून ठरवायचं. टाकलेली पानं उलटून बघायची नाहीत, हा नियम.
मीच जिंकले. म्हणाला, "आई, तुझं तोंड म्हणजे भिंत आहे."
मग पत्ते पिसता पिसता — हापिसातून अमेरिकेला दुसऱ्याला पाठवतायत म्हणे, याचं नाव नाही आलं. मी म्हटलं, बरं झालं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
लाइट नाही. मशीन बंद, पिकोच्या साड्या पडून. संध्याकाळी गॅलरीत बसले. सगळी बिबवेवाडी काळी, घरं पालथ्या पानांसारखी. आत कोण हसतंय, कोण रडतंय, काय कळतंय! लांब एका खिडकीत मेणबत्ती हलली, मग तीही गेली. हे गेल्यापासून अशा अंधारात प्रज्ञेश शेजारी येऊन बसतो.

रविवार, ११ फेब्रुवारी
माझ्याकडे दोन सत्त्या. मधल्या पानांत माझ्या कामाचं एक नाही. तरी सगळे चिंचोके पुढे सारले. प्रज्ञेशनं पानं टाकली, हरलो म्हणाला, चहा टाकायला उठला.
मी नियम मोडला. उलटली.
दोन राजे!
परत पालथी ठेवली. आत कपबश्या वाजत होत्या, पण कुठल्या तरी दुसऱ्याच घरात वाजल्यासारख्या. मी तरंगतेय आणि खाली चिंचोकेच चिंचोके, असं वाटलं.
किती डाव असे टाकलेस रे? आणि ते अमेरिकेचं?

सोमवार, १२ फेब्रुवारी
सकाळी सांगून टाकलं. लोणी काळभोरला बहिणीकडे राहायला जाते. कौशल्या एकटी आहे, कधीची बोलावतेय. मशीन पण नेणार. तुझ्या भाकऱ्या थापत बसायला मला वेळ नाही, हापिसात परत विचार.
"मावशीनं खरंच बोलावलंय?"
"मग खोटं सांगते का?"
माझं तोंड निरखत बसला. मी सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात गेला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
नाव याचंच होतं! यानंच नको म्हटलेलं. साहेबानं अजून दुसरं कुणी धरलं नव्हतं. जातोय.

रविवार, २५ मार्च
विमान सुटलं असेल.
कौशल्याला अजून काहीच विचारलेलं नाही.