कोपरापर्यंतच्या बाह्या

आई, आज सकाळपासून तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. आमच्या संस्थेत पुढच्या महिन्यात भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा आहे. देशोदेशीचे म्हातारे शास्त्रज्ञ येणार, पोरं त्यांच्याशी हुज्जत घालणार, आणि सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात. निवड झालेल्या एका मुलीने फोनवर विचारलं, "सर, वर्कशॉप म्हणजे नेमकं काय, घरी कसं समजावू?" उद्या सांगतो म्हणून मी फोन ठेवून दिला.

आपल्या घरात त्या शब्दाला एकच अर्थ होता. पावर हाउस वस्तीच्या पलीकडचं ते पत्र्याचं शेड, जिथे बाबा लेथवर लोखंड कातायचे. मी शाळेत असताना एक दिवस त्यांच्या शर्टाची बाही फिरत्या लेथमध्ये अडकली आणि तिच्यामागे ते ओढले गेले. तू मला शेवटचं बघूही दिलं नाहीस. मग तू शिलाई मशीन घेतलीस, सिविक सेंटरमधल्या दुकानांसाठी ब्लाउज शिवू लागलीस. वर्कशॉप हा शब्द कुणी काढला की तू उठून आत जायचीस. हे सगळं मला माहीत होतं, तरी संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी इटलीहून बोलावणं आलं तेव्हा मी शहाण्यासारखा स्वयंपाकघरात धावत आलो आणि ओरडलो, "आई, वर्कशॉपमंदी निवड झाली माही!"

तव्यावर भाकर आहे. तू वळून माझ्याकडे बघतेस. भाकर करपते आहे, वास सुटलाय, आणि तुझा हात हलत नाही.

"वर्कशॉपमंदी? कावून रे? एवढं शिकून वर्कशॉपमंदी?"

"आई, तिथं मशीन नसते वं. फळा असते, खडू असते. मोठे मोठे सायंटिस्ट बोलतात, आमी त्याईले प्रश्न विचारतो."

"फळा असते त मंग शाळा म्हनाव ना त्याले. वर्कशॉप कावून म्हनतेत? खोटं बोलून राहिला तू."

त्या म्हाताऱ्या सायंटिस्टांपैकी कुणाला तरी याचं उत्तर आलं असतं का, शंकाच आहे. तू जेवणखाण सोडलं नाहीस, रडली नाहीस, जाऊ नको असंही म्हणाली नाहीस. फक्त माझी बॅग तू स्वतः भरलीस. दुर्गच्या स्टेशनवर गाडी हलेपर्यंत तू माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होतीस.

समुद्राकाठचं गाव, ऐन हिवाळा, वारा असा की हाडं वाजावीत. खोलीवर बॅग उघडली. सगळ्या शर्टांच्या बाह्या कोपरावर कापलेल्या, आत दुमडून सरळ टीप घातलेली. नवाकोरा स्वेटर, त्याच्याही. मी पलंगावर बसून रडलो. रागही आला, भयंकर आला. म्हणजे तुला खरंच वाटत होतं की तू मला मरणाच्या दारात पाठवते आहेस, आणि तरी तू पाठवलंस! दुसऱ्या दिवशी ज्यांचं पुस्तक आम्ही फाटक्या झेरॉक्सवर वाचलं होतं, त्या गृहस्थांनी मला फळ्यापुढे बोलावलं. माझ्या गणितातली चूक त्यांनी शोधली, मग त्यांची मी. ते खदखदून हसले. चहाच्या वेळी माझ्या उघड्या हातांवरचा काटा बघून म्हणाले, थंडी वाजत नाही का? म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

पुढे मी आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तू बाह्या कापल्यास. आपण त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तुझ्याइतकी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि माझा हट्ट कुठून आला हे सांगायला नको.

मग तुझी किडनी गेली. हॉस्पिटलातली ती दुपार. तुझे पाय सुजलेले आहेत, मी उशाशी बसलो आहे, पुढच्या बोलावण्याचं तुला कळलेलं आहे. तू डोळे न उघडता विचारतेस, "तुले तिथं बरं वाटते का रे?"

इतक्या वर्षांत तू हे कधी विचारलं नव्हतंस. मी काही बोलायच्या आत तूच पुढे बोललीस.

"तुह्या बापाले लय बरं वाटे. सुट्टीच्या दिवशीबी तिथच जाये. घरी पाय ठरेच ना त्याचा. ज्याले बरं वाटते ना, तो वापस येत नाही."

"नाही वं आई," मी म्हणालो. "कुठचं बरं वाटते. काम हाये म्हणून जातो."

तुझा चेहरा सैल पडला. "मंग येशील वापस," तू म्हणालीस आणि झोपलीस. त्यानंतर तू नीट शुद्धीवर आलीच नाहीस.

तुझी तेरवी झाली आणि मी त्या बोलावण्यावर निघून गेलो. हे पत्र कुठे टाकणार, इथेच राहील. पण त्या मुलीला उद्या काहीतरी सांगावं लागेल, आणि त्याआधी तुला सांगायला हवं. बरं वाटायचं, आई. त्या फळ्यापुढे वाटायचं तितकं बरं मला आपल्या घरात कधीच वाटलं नाही.