मामंजींच्या खोलीतली खडखड

सोमवार, १४ एप्रिल १९५८

आज पुन्हा. दुपारी दीडला सुरू झाला तो थेट चारपर्यंत. पत्र्याच्या डब्यात चिंचोके घालून कुणी हलवत बसावं तसा आवाज. बटण बंद केलं की थांबतो. लावलं की आधी गुंss करतं, आणि त्यामागून खडखड, खडखड.

हे ऑफिसातून आल्यावर सांगितलं तर म्हणाले, यंत्र आहे, आवाज करणारच. तुझा पाटा-वरवंटा गप्प असतो का? — आणि झोपायच्या वेळी स्वतःच उशी उचलून पुढच्या खोलीत गेले.

यंत्र येऊन दहा दिवस झाले. ह्यांचे साहेब कायमचे विलायतेला परतले, जाताना बंगल्यातलं थंड हवेचं यंत्र ह्यांना देऊन गेले. वीस वर्षांच्या नोकरीची आठवण म्हणून. आपल्यासारख्यांच्या घरात असली चीज नको, असं मी म्हणणार होते. विजेचं बिल डोळ्यांपुढे आलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, आजोबांचा दमा जवळच्या दगडखाणीच्या धुळीनं उसळतो. हा उन्हाळा त्यांना बंद खोलीत, गाळलेल्या हवेत ठेवा, नाहीतर मे महिना कठीण आहे.

गेल्या मे महिन्यातले ते तीन दिवस मी विसरलेले नाही. मामंजी खाटेवर बसल्या जागी बुडत होते. पाण्याशिवाय बुडणं काय ते तेव्हा पाहिलं. म्हणून गप्प बसले. आता यंत्र राहायलाच हवं, आणि नीट चालायला हवं.

मंगळवार, १५ एप्रिल

शेजारच्या विमलाबाई दारात उभ्या. "काय वहिनी, पिठाची गिरणी काढलीत म्हणे. आमचे पायलीभर गहू टाकू का?"

हसले. मनाला लागलं. भिंतीला भिंत आहे, त्यांनाही त्रास होतच असणार.

बुधवार, १६ एप्रिल

स्टेशनजवळच्या पंख्यांच्या दुकानातला दशरथ मिस्त्री आला. मालवणचा. आधीच हात जोडले — "वयनी, माका पंखे समाजतत. ह्या साहेबाचा यंत्र." पण माणूस हुशार. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटून ऐकत राहिला. डॉक्टर नळी लावतात तसा. इथे ऐकलं, तिथे ऐकलं.

म्हणाला, आवाज दोन आहेत. एक खिडकीच्या लाकडी चौकटीचा. तिथे त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले, तर गुणगुण खरंच थांबली. दुसरा आवाज आतला. त्यापुढे मान हलवली. "मोटर गेली वयनी. बदलूक होयी, नायतर इकून टाका."

पण मोटर गेली असती तर हवा थंड कशी येईल? हवा तर झकास थंड येते आहे. त्याला विचारलं, त्यावर त्यानं नुसती विडी काढली.

गुरुवार, १७ एप्रिल

मिस्त्रीची युक्ती आपणही करून पाहावी म्हटलं. स्क्रू-ड्रायव्हर नाही तर लाटणं. एक टोक यंत्राला, एक कानाला. ऐकू येतं! अगदी कानात बोलल्यासारखं. आवाज मागच्या बाजूला नाही, पुढच्या जाळीमागे आहे, डाव्या हाताला खाली.

खर्चाच्या वहीत मागची चार पानं कोरी होती, त्यांवर आवाजाची नोंद सुरू केली. वेळ, केवढा, किती वेळ. त्यासाठी तिथेच बसावं लागतं. तांदळाचं ताट घेऊन मामंजींच्या खोलीतच बसले, दोन वाजल्यापासून पाचपर्यंत.

मामंजींना तेवढंच हवं होतं. उठून बसले, अडकित्ता घेतला, सुपारी कातरायला लागले (डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, सुपारी तेवढी ठेवली), आणि सुरू. दापोलीला पोस्टमास्तर असताना तारेच्या कडकट्टवरून पलीकडे कोण बसलाय ते ओळखायचे म्हणे. "रत्नागिरीचा तारमास्तर घाईचा, सूनबाई. आणि चिपळूणचा जेवून आला की ढिला." मग गल्लीत कोण आलं, कोण गेलं, भाजीवाली शिव्या कुणाला घालत होती, सगळं विचारून घेतलं. खाट पुढच्या खोलीत होती तेव्हा येणारा-जाणारा त्यांच्या खिडकीशी थांबायचा. इथे मागे खिडकीच यंत्रानं भरली. आणि दार बंद ठेवावं लागतं, नाहीतर थंडावा बाहेर जातो आणि धूळ आत येते.

माझा एक कान लाटण्याला, दुसरा त्यांच्याकडे. गोष्टी संपेनात. आवाज मोजायचा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जरा तुटकच "हं" म्हटलं.

रविवार, २० एप्रिल

ह्यांनी निकाल दिला. पुढच्या रविवारी लिलाववाला येणार. तोवर खडखड थांबली तर ठीक, नाहीतर यंत्र गेलं. "मला सकाळी आठ-बाराची गाडी असते. झोप नाही तर मी काम काय करू? आणि उद्या आत ठिणगी पडली म्हणजे?"

म्हटलं, आणि मामंजी?

ह्यांनी वर्तमानपत्र समोर धरलं. उलटं धरलं होतं, तेसुद्धा कळलं नाही त्यांना. वाईट त्यांनाही वाटतंय. पण वाईट वाटून धूळ थोडीच थांबते.

सोमवार, २१ एप्रिल

दिवसभर खडखड. स्तोत्र म्हणताना ओळ चुकले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मंगळवार, २२ एप्रिल

काय लिहू. लाज वाटते.

सकाळी देवपूजा करताना सुपारीवर गंध लावायला हात नेला आणि मनात आलं, ही गणपतीची मूळ सुपारी नाही. ती हरवली म्हणून मी दुसरी मांडली होती. पहिली कुठे? मग एकदम आठवलं. यंत्र बसवलं त्या दिवशी, नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरायची नाही, म्हणून त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. विड्याची दोन पानं ठेवली, पानांवर देव्हाऱ्यातली सुपारी. नारळ फोडला, आणि मग ह्यांनी बटण दाबलं. यंत्र थरथरलं. सगळेजण थंड वाऱ्यापुढे हात धरून हसत होते. नंतर पानं सापडली, सुपारी नाही. शेवंतीला — आमच्या कामवालीला — मी दोनदा विचारलं. "बाई, सुपारी घेऊन मी काय करू? मी तंबाखूवाली," म्हणाली. तरी मनातून संशय गेला नव्हता.

दशरथला बोलावून जाळी काढायला लावली. चार स्क्रू. आत पिंपासारखा गोल पंखा, त्याला पात्यांची रांगच्या रांग. हातानं फिरवला — टक. खाली हात घातला तर सुपारी, वरच्या फटीतून आत घरंगळलेली! फिरून फिरून गोटीसारखी गुळगुळीत झालेली. एका खाचेत अजून कुंकू.

दशरथनं ती तळहातावर घेतली आणि म्हणाला, "वयनी, तुमी देवाक आत कोंडलास. तो टाळ वाजवतलो नाय तर काय करतलो?"

मामंजी खाटेवर बसून सगळं बघत होते. एवढे हसले की खोकला आला. पाणी द्यावं लागलं. "एवढीशी सुपारी, आणि आठ दिवस अख्खं घर माझ्या खोलीत," म्हणाले.

सुपारीला पंचामृतानं न्हाऊ घालून देव्हाऱ्यात जागेवर ठेवलं. येत्या संकष्टीला निर्जळी करीन. शेवंतीला साखरेचा लाडू दिला. कशाबद्दल ते सांगायला तोंड उघडलं नाही. तिला कळलं असावं, लाडू मुकाट्यानं पदरात बांधला.

गुरुवार, २४ एप्रिल

शांत. काल शांत, आज शांत. हे रात्रभर झोपले. लिलाववाल्याला नको म्हणून कळवणार आहेत. विमलाबाई म्हणाल्या, "गिरणी बुडाली का?"

डॉक्टर येऊन गेले. छाती स्वच्छ आहे म्हणाले, शिटी नाही. असंच चालू द्या.

मामंजींचं जेवण मात्र कमी. अर्धीच भाकरी. धाप नाही, ताप नाही, तोंडाला चव नाही म्हणतात. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ताट उचलायला गेले तेव्हा विचारलं, "आता कान लावायला येत नाहीस गं?"

म्हटलं, आता कशाला? यंत्र बरं झालं ना.

"हो. ते बरं झालं," म्हणाले.

दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात पोथी वाचत बसले. किती दिवसांनी सलग दोन अध्याय झाले.

शुक्रवार, २५ एप्रिल

पुन्हा! देवा, आता काय?

दुपारी पोथी उघडली आणि मामंजींची काठी जमिनीवर ठक ठक. "सूनबाई, आला बघ आवाज!" धावत गेले. तीच खडखड, तीच डावी बाजू. आधी देव्हाऱ्यात पाहिलं — सुपारी जागेवर आहे. मग काय राहिलं आत? की मीच काही कमी केलं? देवाला असा फिरत ठेवला सतरा-अठरा दिवस, एका पंचामृतानं भागतं होय?

स्टेशनपर्यंत उन्हात चालत गेले. दशरथला दुकानात सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. जाळी धड बसवली नसशील, स्क्रू आत टाकला असशील. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "वयनी, माजा काम चोख असता. सोमवारी येतंय, बघतंय." सोमवारी काय उपयोग? ह्यांनी लिलाववाल्याला अजून कळवलं नव्हतं. आता म्हणतात, बरंच झालं. परवा येऊ दे. ह्या वेळी माघार नाही.

परत येऊन लाटणं घेऊन बसले. अंगाची लाही, घामानं चोळी भिजलेली, आणि तोंडावर थंड वारा. मामंजी आज खुशीत. पूर्ण भाकरी खाल्ली, आमटी दोनदा मागितली. चिपळूणच्या तारमास्तराच्या लग्नाची गोष्ट सांगितली. एकीकडे यंत्र जाणार म्हणून माझा जीव खालीवर होतो आहे आणि मामंजींना गोष्टी सुचतात. म्हटलंही तसं — मामंजी, परवा यंत्र गेलं तर? मे महिना आठवतो ना?

अडकित्ता थांबला. मग म्हणाले, "आठवतो. तीन दिवस तू हलली नव्हतीस खाटेशेजारून."

शनिवार, २६ एप्रिल

मोठं बटण बंद केलं. शेवंतीच्या नवऱ्याचा स्क्रू-ड्रायव्हर आणला. चार स्क्रू मीच काढले, दशरथनं काढले त्याच क्रमानं. पंखा फिरवला. टक.

सुपारी. अर्धी. कातरलेली.

पूजेची सुपारी कुणी कातरत नाही. आणि अडकित्ता घरात एकच आहे, मामंजींच्या उशाशी.

मागे पाहिलं. डोळे मिटून पडले होते, पण पापण्या हलत होत्या. डोळे न उघडताच म्हणाले, "सापडली?"

म्हटलं, सापडली. त्यांच्या सुपारीच्या डब्यात ठेवली. जाळी लावली, स्क्रू पिळले, बटण दाबलं. आवाज नाही. ह्यांना तेवढंच सांगेन. दशरथची माफी मागायला सोमवारी जाईन.

मग तांदळाचं ताट, पाट, पोथी, चष्मा, ही वही, सगळं उचलून मामंजींच्या खोलीत आणलं. थंडावा जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं. आतून.