थरथरीचा रूट कॉज

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सुट्टी.
गाडी थरथरते. ॲक्सिलरेटर दाबला की आधी स्टिअरिंग, मग आरसा, मग अर्चना. बोईसरहून उमरोळीपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर जीभच चावली गेली असती.
काळजीचं कारण नाही. तारापूरच्या केमिकल कंपनीत मी क्वालिटीत आहे. काही बिघडलं की त्याचं मूळ शोधायचं, त्याला आम्ही रूट कॉज म्हणतो. पगार त्याचाच मिळतो.
संकल्प: महिनाअखेरपर्यंत गाडी ठणठणीत. मेहुणीचं, म्हणजे दीपाचं लग्न आहे. नवरी माझ्याच गाडीतून हॉलवर जाणार, असं मी साखरपुड्यात सगळ्यांसमोर जाहीर केलंय. साडू दिपेशने नवी ऑटोमॅटिक घेतलीय आणि तेव्हापासून तो नुसता हसतो. नवरी त्याच्या गाडीतून गेली, तर पालघरच्या सासुरवाडीत मला दर दिवाळीला ऐकून घ्यावं लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार.
निरीक्षणं. उभी असताना थरथरत नाही. वेग वाढवताना थरथरते. ड्रायव्हिंग उत्तम असल्याने तो मुद्दा यादीत घेतलेला नाही.
नवापूर नाका आला की मी चौथा गिअर टाकतो. मग स्पीडब्रेकर येवो की म्हैस, खाली येत नाही. पेट्रोल वाचतं. लिटरला साडेसोळा! ऑफिसात लोक विचारायला येतात.
अर्चना म्हणाली, एकदा खालच्या गिअरवर घेऊन बघा ना. हिने लग्नाआधी ड्रायव्हिंग क्लास केलाय. लायसन्स कपाटात आहे. तिथेच बरं. क्लच महाग असतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
सालवडला बबलू मेकॅनिककडे. त्याने मला शेजारी बसवून चक्कर मारली. म्हणाला, साब, गाडी तो मक्खन है. आणि खरंच, थरथरली नाही! शाळेत साहेब तपासणीला आले की पोरं गप्प बसतात, तशी. अशा मधूनच येणाऱ्या बिघाडाला इंटरमिटंट फॉल्ट म्हणतात. बबलूला माहीत नव्हतं. मी प्लग बदलायला सांगितले. त्याने आनंदाने बदलले.
घरी येताना थरथरली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
कंपनीत गोंधळ. पावडर गाळायचं मोठं मशीन फिरता फिरता हादरलं आणि अख्खी बॅच वाया गेली. चालवत होता जिवल्या, मासवणकडचा. दहा मिनिटांत बिघाडाचा फॉर्म भरून बंद केला. रूट कॉज: ऑपरेटर एरर. उपाय: ऑपरेटरला ट्रेनिंग.
जिवल्या म्हणत होता, साहेब, मशीनच हालतं हाय, येऊन तरी बगा, माजा काय दोस. सगळे असंच म्हणतात. या लोकांना स्वतःची चूक दिसतच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली. थरथरते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
इंजिनखालची रबरं बदलली. थरथर आता जास्त स्पष्ट जाणवते. म्हणजे प्रगती आहे.
बबलू म्हणाला, साब, एक बार आप चलाके दिखाओ. म्हटलं, भलत्या गोष्टीत वेळ घालवू नकोस. पेट्रोलमध्येच भेसळ असणार. उद्यापासून पंप बदलायचा.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
जिवल्याचं ट्रेनिंग मीच घेतलं. विषय: मशीन काय सांगतंय ते ऐका. अर्धा तास बोललो. त्याने फक्त मान डोलावली. सेशन छान झालं.
नवा पंप. थरथरते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
रंगीत तालीम. पालघरहून मासवणच्या हॉलपर्यंत, मागे सासूबाई. वाघोबाच्या घाटात चौथ्यावरच चढवली. गाडी भूत लागल्यासारखी हलायला लागली. सासूबाईंनी देवळापाशी थांबायला लावलं. मला वाटलं, नमस्कार करायला. केलाही त्यांनी, पण मग परत गाडीत बसेचनात. दिपेशला फोन करून बोलावून घेतलं.
हे मनाला लागलं.

३० नोव्हेंबर, रविवार. लग्न. हॉलवर, दुपारी.
सकाळी गाडी सजवली. बॉनेटवर झेंडूचा मोठा हार. फुलवाल्याकडून सासूबाईंच्या दारापर्यंत आणली, तर अर्धा हार रस्त्यावर सांडलेला. दीपा नटूनथटून दारात उभी. हात जोडून म्हणाली, जिजू, रागावू नका, पण या गाडीत माझी नथ टिकायची नाही. दिपेशने लांबूनच रिमोट दाबून आपली गाडी उघडली.
तेवढ्यात अर्चनाने माझ्या हातातून किल्ली घेतली. म्हणाली, नवरी आमच्याच गाडीतून जाईल, यांनी शब्द दिलाय. चालवणार मी. पदर खोचला, हीलच्या चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि बसली.
चपला घेऊन मी दिपेशच्या गाडीत. घाटात आमची गाडी पुढे सरळ चढत गेली. उरलेल्या हारातलं एक फूल पडलं नाही. दिपेश हसला नाही. ते जास्त लागलं.
नवी कॉइल सेट व्हायला वेळ लागतो, हे पंगतीत सगळ्यांना समजावलं. लोक जिलेबी मागत होते.

१ डिसेंबर, सोमवार.
काल परतताना किल्ली हट्टाने मागून घेतली. हॉलच्या गेटबाहेर चौथा टाकला. थरथर. अर्चना म्हणाली, क्लच दाबा. दाबला. तिने शेजारून गिअर दुसऱ्यात घातला. थरथर बंद. पुढे ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लाज वाटली. ही डायरी कोणी वाचत नाही म्हणून लिहितोय.
आज कंपनीत जिवल्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच. खरंच हलतं. खालचे बोल्ट ढिले झालेत. जिवल्या म्हणाला, आता दिसला का साहेब?
त्याचा फॉर्म परत उघडला.

५ डिसेंबर, शुक्रवार. सुट्टी.
सवयीने गाडीचाही फॉर्म भरून टाकला. रूट कॉज: ऑपरेटर एरर. उपाय: ऑपरेटर बदलला.
अर्चना गाडी घेऊन मुरबे बंदरावर बोंबील आणायला गेलीय. मी घरी, लसूण सोलतोय. जाताना दारातून सांगून गेली, मायलेज अठरा पडतंय.