माफीनाम्यातला वहम

बाबा, ती कापसाची गाठ पुढे कुठे गेली? मला सांगता येत नाही. ती ट्रकमध्ये चढली आणि तुम्ही तिला थांबवलं नाही, एवढंच माहीत आहे.

मागच्या महिन्यात नोकरीच्या प्रशिक्षणासाठी समुद्रकाठच्या शहरात गेले होते. सुट्टीच्या दिवशी सोबतच्या मुली बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय बघायला निघाल्या, म्हणून मीही गेले. नांगर, शिंपले चिकटलेल्या बशा, एकाच पायाचा बूट. मग एका काचेमागे रुईची अर्धी गाठ. गंजलेल्या लोखंडी पट्ट्या पाहताच ओळखली. "अगं, हे तर आमच्याकडचं!" मी हसत म्हणाले. गाठ बाहेरून मळकट होती, आतून कोळसा. पाटीवर लिहिलं होतं, की जिनिंगमध्येच, सरकी काढताना, एखादी ठिणगी रुईत दाबली गेली असावी. ती आतल्या आत धुमसत राहिली आणि बंदर सोडून कित्येक दिवस झाल्यावर भर समुद्रात जहाज पेटलं. शेजारी मेलेल्यांची नावं. पाटी तीनदा वाचली. "बस ना गं जरा, पांढरी पडलीस," एक मैत्रीण म्हणाली. मी आधी त्या गाठीचा फोटो काढला.

कारण हे मी आधी ऐकलं होतं. तुम्ही म्हणायचात, "कापसातली आग बोंबलत नाई, माय. चुप बसते, अन् दूर गेल्यावर उठते." मी सातवीत आहे, नाचणगावहून डबा घेऊन तुमच्या जिनिंगच्या कारखान्यात आले आहे, आणि तुम्ही गाठीच्या पट्ट्यांमध्ये नाक खुपसून उभे आहात. "जळका वास येऊन राह्यला. खोला हे गाठ." गाठ उघडली. आत काहीच सापडलं नाही. व्यापारी भडकला, हमाल हसले. "नाकाले सर्दी झाली काय हो, दादा?" मुनीम म्हणाला, माफीनामा लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. तुम्हाला फक्त सही येत होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "लिही, माय."

मी लिहिलं. मुनीमानं अक्षराचं कौतुक केलं. तुम्ही तो कागद माझ्याकडून वाचून घेतलात, शेवटपर्यंत ऐकलात आणि सही केलीत.

पुढच्याच आठवड्यात मी डबा घेऊन आले, तेव्हा तुम्ही एका गाठीपाशी थांबला होतात, पालथा हात पट्टीखाली घालून, ऊब चाचपत. मी विचारलं, "काऊन बाबा, वास येते काय?" तुम्ही हात काढून घेतलात. "लिहून देलं ना आपन." ट्रक भरला, गेला. मला तर बरंच वाटलं. बाबा शहाणे झाले, आता कोणी हसणार नाही.

ती गाठ चांगलीच असेल कदाचित. पण ती पाटी वाचल्यापासून 'कदाचित' मला पुरत नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मुनीमानं सांगितलेलं वाक्य एवढंच होतं, की यापुढे विचारल्याशिवाय गाठ उघडायला लावणार नाही. 'माझ्या वहमामुळे नुकसान झाले' हे मी माझ्या मनानं घातलं. कागद भरलेला दिसावा म्हणून.

काल कारखान्यात गेले. मुनीम म्हातारा झालाय. चष्मा शोधण्यातच वेळ गेला. माझा अर्ज वाचून म्हणाला, "बाप जाऊन इतके वर्षं झाले, अन् आता माफीनामा वापस घेऊन राह्यली काय, बाई? तो कागद तं कवाच उंदरानं खाल्ला."

"खाल्ला असंल. हा ठेवा. अन् पोच द्या."

"कायची पोच?" तो हसला, पण शिक्का मारून दिली. मग मी गाठी दाबतात त्या प्रेसवर गेले. चहाच्या सुट्टीत बसलेल्या माणसांना त्या जळक्या गाठीचा फोटो दाखवला, तुमचं नाव सांगितलं, आणि हेही सांगितलं, की वहम तुम्हाला नव्हता, तो मी लिहिला होता.